मदत हवी आहे: शाळेच्या समितीकडे तक्रार नेमकी कुठे द्यायची?

कुर्ल्याची_आई: मुलगी पाचवीत आहे. वरच्या मजल्यावरचं मुलींचं टॉयलेट दिवाळीपासून कुलूपबंद. खाली जायला लागू नये म्हणून मुली पाणीच पीत नाहीत, बाटली भरलेलीच घरी येते. सर म्हणतात, "समितीपुढे मांडा." ही समिती कुठे बसते? लवकर सांगा, सोमवारी जायचंय.

परळचे_पंत: बोर्ड कुठलं? स्टेट असेल तर आताच सीबीएसईला टाका, आठवीनंतर जड जातं.

तात्या_मुलुंड: पंत, टॉयलेटचं विचारतायत त्या! ताई, पालक-शिक्षक संघाला धरा. २०११ च्या फी कायद्यात त्याची कार्यकारी समिती सोडतीने निवडायची असते. आमच्याकडे फीवाढ झाली तेव्हा सगळे पालक…

कुर्ल्याची_आई: फी कसली? पालिकेची शाळा आहे.

तात्या_मुलुंड: मग आधी सांगायचं ना!

सुमन_भांडुप: मी दोन वर्षं अध्यक्ष होते, ऐका. शाळा व्यवस्थापन समिती, शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१. तीन चतुर्थांश सदस्य पालकच, एकूण निम्म्या बायका. अध्यक्ष पालकांतला, मुख्याध्यापक सचिव. म्हणजे तुम्हाला समितीकडे पाठवणारे सर स्वतःच समितीत आहेत! लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

लालबागकर: अर्जाने काही होत नाही. माहिती अधिकार टाका, दहा रुपयांत काम.

सुमन_भांडुप: आणि तीस दिवस मुलींनी तहानलेलं राहायचं? इतिवृत्ताची वही बघायला मागा आधी. आमच्याकडे महिनोन् महिने "चर्चा झाली" एवढंच लिहिलेलं असायचं.

कुर्ल्याची_आई: पण किल्ली हिंदीवाल्यांच्या शिपायाकडे आहे.

सुमन_भांडुप: कोण हिंदीवाले??

कुर्ल्याची_आई: हिंदी माध्यमाची शाळा, त्याच इमारतीत. वरचा मजला दोघांत आहे. लिहिलं नव्हतं का मी?

सुमन_भांडुप: अहो नाही! इमारत एक, पण शाळा दोन, मुख्याध्यापक दोन, समित्याही दोन. तुमच्या समितीने कितीही ठराव केले तरी त्यांचा शिपाई कशाला ऐकेल? दोन्ही अध्यक्षांच्या सहीचं एकच पत्र करा. प्रत वॉर्डातल्या शिक्षण विभागाच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांना.

परळचे_पंत: पालिकेच्या सीबीएसई शाळाही आहेत बरं का.

कुर्ल्याची_आई: त्यांचे अध्यक्ष कोण, हे आमच्या सरांनाच विचारू?

सुमन_भांडुप: नको, त्यांच्या मुख्याध्यापकांकडे नावांची यादी मागा. आणि दोन-तीन आयांना सोबत न्या.