मदत हवी आहे: रिकर्व्हचे (टोकं पुढे वळलेल्या धनुष्याचे) बाण सारखे डावीकडे जातायत

नवा_धनुर्धर: ६० इंची टेक-डाउन (सुटं करता येणारं धनुष्य), ओढायचं वजन ४० पौंड. साइट (नेम धरायचं साधन) नाही, बाण शेल्फवरून (मुठीवरच्या खाचेवरून). २० मीटरवर सगळे बाण वीतभर डावीकडे आणि सोडताना खडखड आवाज. रिलीज (दोरी सोडणं) तपासून झालाय, त्यावर भाषण नको. रविवारी स्पर्धा आहे. काय बदलू?

पिसारा: बाणांचा स्पाइन (ताठपणाचा आकडा)? लांबी? टोकाचं वजन? कोणत्या हाताने ओढता? ब्रेस हाइट (मूठ ते दोरी अंतर)?

मावळा७७: ब्रेस हाइट वाढवा. दोरी उतरवून दोन-तीन पीळ द्या, चढवा, मोजा, परत तेच. ६० इंचीला साडेसात ते सव्वाआठ इंचांत आवाज कुठेतरी बसतोच.

लक्ष्यभेद: साइट आणि लांब स्टॅबिलायझर (तोल राखणारा दांडा) लावा, प्रश्न मिटला.

नवा_धनुर्धर: साइटचं विचारलंच नाही. बेअरबोमध्ये (साइटविना खेळायच्या प्रकारात) चालतही नाही. ब्रेस ७ इंच. उजव्या हाताने, ओढ २७ इंच. बाण कार्बनचे, स्पाइन ४००, लांबी ३० इंच, टोक १०० ग्रेन.

पिसारा: मग दोष बाणातच आहे. ४० पौंड २८ इंचाला मोजलेले, तुमची ओढ २७, म्हणून बोटांवर ३७-३८ येतात. त्याला ४०० फार ताठ. ताठ बाण धनुष्याला वळसा घालण्याइतका वाकत नाही, उजव्या हाताच्या माणसाचा डावीकडेच जातो. ब्रेसने आवाज कमी होईल, वीतभर अंतर नाही भरायचं.

लक्ष्यभेद: मग बाण इंचभर कापा.

पिसारा: अजिबात नको! कापला की आणखी ताठ. उलट १७५ ग्रेनचं टोक लावा. मग १५ मीटरवरून पिसांचे तीन बाण आणि बिनपिसांचा एक सोडा. बिनपिसांचा अजून डावीकडे लागला तर शेल्फच्या बाजूची पट्टी पातळ करा, बाण मध्याकडे सरकतो. तरीही नाही जमलं तर ५०० स्पाइनचे, म्हणजे कमी ताठ, बाण घ्या.

मावळा७७: ब्रेस आधी, नाहीतर बाकी सगळी मोजणी परत करावी लागेल.

पिसारा: क्रम मान्य.

नवा_धनुर्धर: ब्रेस ७.७५ केला, १७५ लावलं. वीतभरावरून चार बोटांवर आलं, आवाजही कमी. पण आता काही बाण मध्येच वर उडतात. बाणांना प्लास्टिक व्हेन (पिसांऐवजीची पाती) आहेत, त्याने फरक पडतो का?

पिसारा: अहो, हे आधी सांगायचं ना! शेल्फवर प्लास्टिक दबत नाही, आपटून बाण उडवते. खरी पिसं लावा. नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची जागा) काटकोनापासून अर्धा इंच वर, तिन्ही बोटं नॉकखाली (बाणाच्या मागच्या खाचेखाली) असतील तर आणखी थोडा वर.

मावळा७७: एका बाणावरची पिसं एकाच पंखाची घ्या, डावी-उजवी मिसळू नका. आणि धनुष्य जुनं असेल तर डॅक्रॉनचीच दोरी, फास्टफ्लाइटने (फारशी न ताणणारी दोरी) धनुष्याची टोकं चिरतात. किती जुनं आहे?