मदत हवी आहे: एकाच अक्षराची दोन पोकेमॉन कार्डे, त्यातले एक चालले आणि एक बाद झाले, असे का?

नमस्कार. मी धुळ्याला राहतो आणि स्वतः पोकेमॉनची कार्डे खेळत नाही, तरी माझ्या तेरा वर्षांच्या भाच्यामुळे या खेळाचे नियम शिकण्याची वेळ माझ्यावर आली आहे. गेल्या आठवड्यात, म्हणजे मे 2025 मध्ये, रात्रीची बस धरून आम्ही दोघे पुण्याला त्याच्या पहिल्या स्पर्धेसाठी गेलो होतो. पहिल्या फेरीआधी जजने डेक तपासला आणि 60 कार्डांपैकी पाच कार्डे बाजूला काढली: दोन बिडूफ, दोन बिबारेल आणि एक रेडियंट चारिझार्ड. त्या जागी साधी एनर्जी (हल्ल्यांसाठी लागणारी ऊर्जेची कार्डे) भरून त्याला खेळावे लागले, आणि हाताशी पत्ते ओढून देणारा बिबारेलच नसल्यामुळे पुढे काय झाले असेल ते जाणकारांना सांगायला नको.

कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात खाली एका चौकटीत मुंगीएवढे अक्षर असते आणि 11 एप्रिलपासून ‘एफ’ अक्षराची कार्डे स्टँडर्ड प्रकारातून, म्हणजे फक्त अलीकडची कार्डे चालणाऱ्या स्पर्धांतून, बाद झाली आहेत, असे त्या जजने शांतपणे समजावून सांगितले. इथपर्यंत मला पटले. परंतु परतीच्या बसमध्ये मोबाइलच्या उजेडात मी डेकमधले एकेक कार्ड स्लीव्हमधून काढून पाहिले, तेव्हा चार अल्ट्रा बॉलपैकी दोघांवर ‘जी’ आणि दोघांवर चक्क ‘एफ’ निघाले. तीच दोन कार्डे जजने डोळ्यांसमोर धरून पाहिली होती आणि परत दिली होती. ही नजरचूक होती, की अक्षराखेरीज आणखी काही नियम आहे? नजरचूक असेल तर पुढच्या वेळी ऐन स्पर्धेत पुन्हा फजिती होईल, म्हणून विचारतो.

दुसरी शंका पैशाची आहे. त्याचा चारिझार्ड ईएक्स ‘जी’ अक्षराचा आहे. तो किती काळ चालेल याचा अंदाज असल्याशिवाय त्याच्याभोवती आणखी खर्च करावा, असे मला वाटत नाही. भाच्याचे मत अर्थातच वेगळे आहे.

प्रतिसाद 1

काका, जजची चूक झालेली नाही. अक्षर छापलेल्या कार्डाचे असते, पण बंदी किंवा परवानगी ही त्या कार्डाला, म्हणजे त्याच्या नावाला आणि मजकुराला असते. तुमच्याकडचे ‘एफ’वाले अल्ट्रा बॉल ब्रिलियंट स्टार्स या सेटमधले (एकत्र बाजारात येणाऱ्या कार्डांच्या संचातले) असणार. तेच कार्ड पुढे 2023 मध्ये स्कार्लेट अँड व्हायोलेट या सेटमध्ये ‘जी’ अक्षरासह पुन्हा छापले गेले. एकदा चालू अक्षराची आवृत्ती निघाली, की त्याच कार्डाच्या जुन्या आवृत्त्याही चालतात. अल्ट्रा बॉल मुळात 2012 च्या डार्क एक्सप्लोरर्समध्ये आला, तेव्हा कार्डांवर अक्षरच नसे; कोणाच्या डब्यात तो पडलेला असेल तर तोही चालतो.

बिबारेलचे तसे नाही. ट्रेनर कार्डांना, म्हणजे अल्ट्रा बॉलसारख्या मदतीच्या कार्डांना, नावाचा आधार मिळतो, मात्र पोकेमॉनच्या बाबतीत नुसते नाव जुळून भागत नाही. एकाच नावाचे पोकेमॉन दर दोन-चार सेटमागे वेगळ्या हल्ल्यांसह येतात आणि ती निराळी कार्डे मानली जातात. हातात पाच कार्डे होईपर्यंत पत्ते ओढू देणारा तुमचा बिबारेल त्याच मजकुरासह चालू अक्षरात आलेला नाही, म्हणून तो बाद. रेडियंट चारिझार्डचेही तेच. साधी एनर्जी मात्र कितीही जुनी असली तरी चालते, आणि इथेच पुष्कळ जण फसतात, कारण विशेष एनर्जीला ही सवलत नाही: ‘एफ’ची डबल टर्बो एनर्जी 11 एप्रिललाच गेली.

जुनी आवृत्ती वापरायची असेल, तर चालू आवृत्तीचे एक कार्ड खिशात असावे, असे मी सुचवेन. मजकुराचे शब्द थोडे बदललेले असतात आणि जज नवखा असला तर दाखवायला बरे पडते.

प्रतिसाद 2

पैशाच्या शंकेबद्दल लिहितो. 2023 मध्ये 14 एप्रिलला ‘डी’, 2024 मध्ये 5 एप्रिलला ‘ई’ आणि 2025 मध्ये 11 एप्रिलला ‘एफ’ गेले. 2025 च्या त्या बदलानंतर ‘जी’, ‘एच’ आणि ‘आय’ चालू राहिले. म्हणजे तेव्हा रांगेत सर्वांत पुढे ‘जी’ आले. चारिझार्ड आहे तोवर खुशाल खेळवा, पण त्याच्या जास्तीच्या प्रती महागात घेऊ नका. खर्च करायचाच तर ‘एच’ आणि ‘आय’वर करा, किंवा पुन्हा पुन्हा छापल्या जाणाऱ्या ट्रेनर कार्डांवर. नवा सेट बाजारात आला की त्याच दिवशी तो स्पर्धेत चालत नाही, हेही ध्यानात ठेवा: जर्नी टुगेदर हा सेट 2025 मध्ये 28 मार्चला आला आणि दोन आठवड्यांनी, 11 एप्रिलला, ग्राह्य झाला. बाद झालेली कार्डे रद्दी समजू नका; एक्स्पांडेड नावाच्या प्रकारात 2011 च्या ब्लॅक अँड व्हाइटपासूनची कार्डे चालतात, फक्त त्याच्या स्पर्धा आपल्याकडे शोधाव्या लागतात.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज दुपारी उन्हामुळे बाहेर पडणे शक्यच नव्हते, तेव्हा आम्ही त्याचा सगळा डबा जमिनीवर ओतला आणि अक्षरांप्रमाणे ढीग लावले. एकवीरा देवीच्या यात्रेत घेतलेली सोनेरी चकचकीत कार्डे नकली असल्यामुळे कोणत्याच ढिगात बसत नाहीत, हे त्याने स्वतःच कबूल केले.

‘एफ’च्या ढिगात मात्र एक घोळ सापडला. पुण्याहून आल्यावर त्याने ‘एफ’ अक्षराचे दोन बॉसेस ऑर्डर्स (हेही ट्रेनर कार्डच) निरुपयोगी समजून शेजारच्या मुलाला देऊन टाकले होते. त्याच नावाचे ‘जी’ अक्षराचे कार्ड आमच्याकडे आहे, फक्त चित्रातला माणूस वेगळा आहे. तुमच्या नियमाप्रमाणे ते दोन्ही चालायला हवेत ना?

प्रतिसाद 1

हो काका, चालतात. चित्रातला माणूस कोणीही असो, कार्डाचे नाव तेच धरतात, त्यामुळे सगळे मिळून डेकमध्ये चारच ठेवता येतील.

मूळ धागाकर्ता

समजले. भाचा शेजारी गेला आहे. बदल्यात त्या मुलाने रेडियंट चारिझार्ड मागितला आहे आणि तो द्यावा की नाही यावर दारात वाटाघाटी चालू आहेत.