खोकडाला हद्द असते: ‘माळावर झाडे लावा’ या पोस्टला उत्तर

सिन्नरचा निरीक्षक:
खोकड, म्हणजे माळावरचा छोटा कोल्हा, आज इथे तर उद्या तिथे भटकते, त्याला ठरावीक हद्द नसते आणि ओसाड माळावर झाडे लावली तर त्याला आसराच मिळेल, असे कालच्या पोस्टमध्ये लिहिले आहे. दोन्ही विधाने चुकीची आहेत. खोकडाची जोडी आपला इलाका धरून राहते, मूत्राने व विष्ठेने तो राखते आणि त्यातली बिळे पुन्हा पुन्हा वापरते. सोलापूरजवळ नान्नज येथे रेडिओ कॉलर लावून झालेल्या अभ्यासात खोकडांनी शेतीपेक्षा नैसर्गिक गवताळ माळच निवडला आणि बिळांसाठीही झाडे विरळ असलेली जागा पसंत केली. दोन-तीन किलोच्या या प्राण्याला शत्रू लांबून दिसणे हाच आसरा आहे. येवला तालुक्यातल्या ममदापूर-राजापूरच्या माळावर गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया या झाडाच्या) रांगा उभ्या केल्या, तर तो आसराच आपण काढून घेऊ.

येवल्याचा शेतकरी:
साहेब, मग माझ्या कांद्याच्या वावराच्या बांधात पिल्ले घालणारी खोकडाची मादी कोणत्या माळावरची? ती उंदीर आणि टोळ खाते, म्हणून आम्ही तिला हात लावत नाही. पण दुष्काळी तालुक्यात झाडे नकोत असे सांगण्यापूर्वी मार्च महिन्यात आमच्या विहिरींचे तळ पाहून जावे.

नाशिक रोडची वाचक:
झाडांवर वाद घालताना मोकाट कुत्र्यांचा विषय सगळेच टाळत आहेत. गेल्या हिवाळ्यात सिन्नरच्या माळावर कुत्र्यांनी बीळ उकरून काढलेले मी स्वतः पाहिले. नान्नजच्याच प्रयोगात कुत्रा जवळ असताना खोकडांनी समोरचे अन्नही कमी खाल्ले. माळ शाबूत असला तरी कुत्री फिरतात तेवढा भाग खोकडाच्या हातून जातोच, शिवाय कुत्र्यांकडून लागणाऱ्या डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाची भीती वेगळी.

पंचवटीचा श्वानप्रेमी:
ताई, प्रत्येक चर्चा शेवटी कुत्र्यांच्या जिवावर का उठते? ढाब्यांचे खरकटे आणि कोंबड्यांची घाण माळाच्या कडेला माणसेच टाकतात. नसबंदी आणि लसीकरण आम्ही पदरच्या पैशाने करतो, त्या वेळी हे वन्यजीवप्रेमी कोठे असतात?

नाशिक रोडची वाचक:
कुत्री मारा असे मी कोठे लिहिले आहे, ते वाक्य दाखवा. लसीकरण झालेले कुत्रेही खोकडाचा पाठलाग करते. रात्री ती बांधून ठेवा, एवढेच म्हणणे आहे.

येवल्याचा शेतकरी:
बांधलेले कुत्रे बिबट्याच्या तोंडी जाते, हे शहरात बसून कळायचे नाही. आमच्या वस्तीवरची दोन अशीच गेली.

सिन्नरचा निरीक्षक:
कुत्र्यांचा प्रश्न खरा आहे, परंतु माळच उरला नाही तर त्या वादाला अर्थ राहणार नाही. दादा, बांधाचे आपले निरीक्षण मला मान्य करावे लागेल, कारण नान्नजलाही मातीचे बांध आणि चर यांच्याजवळ बिळे आढळली आहेत. मात्र आपल्या बांधापलीकडे काय आहे, तेही सांगावे.

येवल्याचा शेतकरी:
पलीकडे गायरान आहे, ते मी नाकारत नाही. त्यावर रोपे लावण्याचा ठराव ग्रामसभेत येणार आहे. आपले म्हणणे तिथे येऊन मांडा, आणि पाण्याचे काय करायचे तेही सांगा.