चार्वाकांची अनुमानावरची शंका नैयायिकांनी खरंच फेडली का?

ओवरी:
नीतीचा प्रश्न असो, ईश्वराचा असो की जग कशाचं बनलंय हा असो, वाद रंगला की गाडी 'हे कशावरून म्हणता?' इथे येतेच. म्हणून मला तत्त्वज्ञानाच्या शाखांत ज्ञानमीमांसा, म्हणजे आपल्याला काय आणि कसं कळतं याचा विचार, मुळाची वाटते.

तिथला सर्वांत अवघड प्रश्न आपल्याकडे परलोक न मानणाऱ्या चार्वाकांनी विचारला. डोंगरावर धूर दिसला की आपण तिथे आग आहे असं म्हणतो. त्यासाठी 'जिथे धूर तिथे आग' ही व्याप्ती आधी माहीत हवी. ती कळली कशी? आपण पाहिलेत ते चुलीचे, शेकोटीचे मोजके धूर. उद्याचे, परमुलखातले धूर कोणी पाहिलेत? म्हणजे प्रत्यक्षाने व्याप्ती कळत नाही. अनुमानाने कळते म्हणावं, तर त्या अनुमानालाही दुसरी व्याप्ती लागते. युरोपात ह्यूम या तत्त्वज्ञाने १७३९ मध्ये जवळजवळ हीच अडचण मांडली.

माझं मत स्पष्ट आहे: नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, याला उत्तर दिलं नाही, फक्त शंकेला गप्प बसवलं.

माजघर:
हा नैयायिकांवर अन्याय आहे. ते नुसते धूर मोजत बसले नव्हते. 'जिथे आग तिथे धूर' हा उलटा नियम त्यांनीच फेटाळला. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालभडक गोळा घ्या: आग आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं, ही मधली अट म्हणजे उपाधी. नियम पक्का मानण्याआधी अशी उपाधी शोधायची आणि सापडली की नियम सोडायचा, ही शिस्त त्यांनी घालून दिली. आणि गंगेश या नैयायिकाचा मुद्दा बिनतोड आहे. धूर हवा म्हणून तुम्ही आगच पेटवता, पोट भरावं म्हणून जेवता, दुसऱ्याला कळावं म्हणून बोलता. मग कार्यकारणावरची तुमची शंका उरली कुठे?

ओवरी:
उपाधी आजवर सापडली नाही म्हणजे ती नाहीच, हे कशावरून? शेवटी तेही अनुमानच. आणि मी आग पेटवतो यावरून माझा विश्वास दिसतो, तो खरा आहे हे सिद्ध होत नाही. हाच मुद्दा गंगेशाआधी उदयन या नैयायिकाने श्लोकात मांडला होता, आणि अद्वैत वेदान्ती श्रीहर्षाने बाराव्या शतकातच तो श्लोक थोडा फिरवून त्याच्यावर उलटवला होता: शंका आणि वागणं यांत विरोध दाखवायचा, तर शंका आहे हे आधी मान्य करावं लागतं.

पाणवठा:
तुम्ही दोघेही सगळे चार्वाक अनुमान मुळीच मानत नव्हते असं धरून चाललात. कमलशील या बौद्ध पंडिताने पुरंदर नावाच्या चार्वाकाचं मत नोंदवलंय: लोकव्यवहारातलं अनुमान चालेल, परलोकाबद्दलचं चालणार नाही. मला हीच भूमिका टिकाऊ वाटते. धुराचं अनुमान डोंगर चढून तपासता येतं.

माजघर:
मग अणूचं काय? तोही कोणाच्या डोळ्यांना दिसत नव्हता. माख हा भौतिकशास्त्रज्ञ त्याच कारणासाठी अणू मानायला तयार नव्हता. पुरंदराची रेघ ओढली तर माख बरोबर ठरतो.

पाणवठा:
नाही ठरत. पेराँ या भौतिकशास्त्रज्ञाने पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची, अणुरेणूंच्या धक्क्यांनी होणारी हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. अणूंचं गणित चुकीचं असतं, तर ते त्या आकड्यांत उघडं पडलं असतं. परलोकाचं अनुमान चुकलं, तर ते कुठे उघडं पडेल? तेवढं सांगा, मी पुरंदराची बाजू सोडतो.