विद्यार्थी चळवळीने एकच मागणी धरावी की सगळ्याच प्रश्नांना हात घालावा?

मूळ मत

गरिबी, मानवी हक्क आणि पर्यावरण हे तिन्ही विषय एकाच फलकावर लिहून निघणाऱ्या विद्यार्थी मोर्चांविषयी मला आस्था आहे. त्यांतून काही पदरात पडते का, याविषयी मात्र शंका आहे. विद्यार्थ्याचा जोर चालतो तो मुख्यतः स्वतःच्या संस्थेवर, त्यामुळे ज्या अन्यायात आपल्या विद्यापीठाचा व्यवहार गुंतला आहे तोच त्याने आधी हाती घ्यावा. होंडुरासमधील कामगारांनी संघटना बांधल्यानंतर रसेल अ‍ॅथलेटिक कंपनीने २००९ साली तेथील कारखाना बंद केला आणि सुमारे बाराशे जणांचा रोजगार गेला. ही कंपनी अमेरिकी विद्यापीठांची बोधचिन्हे असलेले कपडे विकत असे. बोधचिन्हे वापरण्याचा या कंपनीचा परवाना रद्द करा, एवढीच मागणी विद्यार्थ्यांनी आपापल्या प्रशासनाकडे लावून धरली. शंभरच्या आसपास विद्यापीठांनी करार मोडले, तेव्हा कामगारांना परत घेण्याचे आणि संघटनेला मान्यता देण्याचे कंपनीने त्याच वर्षी कबूल केले. जगातील दारिद्र्यावर शंभर ठराव करूनही हे साधले नसते.

प्रतिसाद १

उदाहरण चोख आहे, पण त्यावरून काढलेला नियम मला मान्य नाही. वानुआतू या प्रशांत महासागरातील बेटांच्या देशात शिकणाऱ्या कायद्याच्या सत्तावीस विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये असा आग्रह धरला की, हवामान बदलाबाबत राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारावे. वानुआतूच्या सरकारने तो प्रश्न उचलला, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव एकमताने संमत केला आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने आपले मत दिले. यात त्यांच्या विद्यापीठाचा कोणता करार गुंतलेला होता? आपल्या निकषाने त्यांना वर्गातच बसवावे लागले असते. शिवाय समुद्राचे खारे पाणी शेतात शिरले की पीक जाते, पिण्याचे पाणी जाते आणि शेवटी गावच सोडावे लागते. अशा वेळी पर्यावरण कुठे संपले आणि गरिबी कुठे सुरू झाली, हे कोणी ठरवायचे?

प्रतिसाद २

वानुआतूचा दाखला मूळ मताच्याच बाजूने जातो, कारण तिथेही मागणी एकच आणि नेमकी होती. न्यायालयाचे ते मत सल्लावजा आहे, बंधनकारक नाही, हेही विसरू नये. माझी खरी अडचण मात्र वेळेची आहे. विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातो आणि प्रशासनाला हे पक्के ठाऊक असते: निवेदन स्वीकारायचे, समिती नेमायची, अहवालाला मुदतवाढ द्यायची, तोवर परीक्षा येतात आणि पुढारी मंडळी पदवी घेऊन बाहेर पडतात. मागणी जितकी विस्तृत, तितके हे टोलवणे सोपे.

प्रतिसाद ३

समिती म्हणजे दरवेळी टोलवाटोलवीच, असे म्हणता येणार नाही. हार्वर्डमध्ये २००१ साली सफाई, सुरक्षा आणि भोजनगृहातील कामगारांच्या वेतनासाठी विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारतीत तीन आठवडे ठिय्या दिला होता. त्यानंतर नेमलेल्या समितीनेच वेतनवाढीची शिफारस केली आणि ती अमलातही आली.

या चर्चेत अद्याप कोणी न विचारलेला प्रश्न असा, की मोर्चाला येणे परवडते कोणाला? ज्याची शिष्यवृत्ती हजेरीवर अवलंबून आहे, जो तास संपताच कामावर धावतो, किंवा जो परदेशात व्हिसावर शिकत असल्याने पोलिसांच्या एका नोंदीलाही घाबरतो, तो गरिबीविरोधी सभेत सहसा नसतो. मग त्याच्या वतीने भलतेच कोणी बोलतात. (बहुधा फार छान बोलतात, हा भाग वेगळा.)

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

हार्वर्डचे कामगार त्याच विद्यापीठाच्या आवारात राबत होते, त्यामुळे हा दाखला मी आनंदाने माझ्या बाजूला घेतो. ज्यांना येणे परवडत नाही, त्यांचा मुद्दा मात्र कोणत्याही एका बाजूचा नाही. सभेची वेळ कामाच्या पाळ्या पाहून ठरवावी आणि ज्याला अटकेचा धोका पत्करता येत नाही त्याच्याकडे माहिती जमवण्याचे, करार वाचण्याचे काम द्यावे. रसेलसारख्या प्रकरणात करारातील अटी वाचणाऱ्याचे महत्त्व घोषणा देणाऱ्यापेक्षा कमी नसते.

प्रतिसाद १ चे उत्तर

करार जरूर वाचावेत. पण ज्या बेटावरच्या विद्यापीठाकडे मोडण्यासारखा करारच नाही, तिथल्या विद्यार्थ्याने काय करावे, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.