फवारणीचं प्रशिक्षण गेममधून: खरंच शिकले का, हे मोजायचं कसं?

पऱ्हाटी_घाटंजी:
२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. मेळावे, पत्रकं सगळं होतं, पण पिकाच्या तासात, म्हणजे ओळीत, उतरलं की फवारा वाऱ्याच्या तोंडीच चालतो. म्हणून मजुरांसाठी सिम्युलेटर करतोय: पाठीवर खरा बॅटरी पंप, नळीला तिची हालचाल आणि कोन मोजणारा एमपीयू-६०५० सेन्सर आणि ते आकडे वाचणारा ईएसपी-३२ हा छोटा वायरलेस बोर्ड, समोर प्रोजेक्टरवर छातीएवढी कपाशी. दोन अडचणी आहेत. पाच मिनिटांत नळीची दिशा भरकटते. आणि गेममधले गुण वाढले म्हणजे शेतातली सवय सुधारली, असं धरायचं का?

सेन्सरवाला:
त्या सेन्सरला होकायंत्र नाही. वर-खालचा कोन गुरुत्वावरून सुधारतो, डाव्या-उजव्या बाजूची चूक मात्र साचत जाते. होकायंत्राचा सेन्सर लावाल, तर पंपाच्या मोटरचं चुंबक त्याला घोळात घालेल. सोपा उपाय म्हणजे भिंतीला हूक ठोका आणि दर टाकीला नळी तिथं अडकवून दिशा शून्य करा.

प्रोजेक्टरच ठेवा भाऊ. डोळ्यांवर व्हीआर हेडसेट घालून जॉयस्टिकनं चाललं की अनेकांना मळमळतं, गरगरतं. विषबाधेची लक्षणंही तीच, त्यामुळे शिकणाऱ्याचा गोंधळ होतो.

थेंबांचं गणित चुकवू नका. १०० मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा) थेंब सेकंदाला साधारण २५-३० सेंमी खाली येतो. दीड मीटरवरून सुटला तर पाचेक सेकंद हवेत राहतो, आणि सेकंदाला २ मीटर वारा असेल तर दहाएक मीटर वाहतो. ३०० मायक्रॉनचा थेंब दीड सेकंदात खाली. नोझल बदलल्यावर हा फरक पडद्यावर दिसलाच पाहिजे.

शेतीआरोग्य_वणी:
गुणांवर विसंबू नका, माणूस गेमच शिकतो. खरी परीक्षा शेतात, साध्या पाण्यावर घ्या. पाण्यात टिनोपालसारखी कपडे उजळवणारी पावडर मिसळा, फवारणी झाली की अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली अंगावरचे डाग पाहा. कॉलर, मनगट, मांड्या, पाठीवर टाकी टेकते ती जागा, सगळ्यांचे फोटो एकाच अंतरावरून घ्या. टॉर्च डोळ्यांवर मारू नका.

इथं हमखास फसतं ते असं: धुण्याच्या पावडरीत हाच उजळवणारा घटक असतो, त्यामुळे घरचा पांढरा सदरा फवारणीआधीच चमकतो. एकदाच वापरायचे सूट द्या आणि कोरा सूट टॉर्चखाली तपासून घ्या. किती पावडर लागेल ते लिटरला अर्ध्या ग्रॅमपासून सुरू करून कापडाच्या तुकड्यावर ठरवा. उन्हात चमक उतरते, म्हणून तपासणी लगेच करा.

तुलनेसाठी गेम खेळलेले आणि न खेळलेले असे गट पाडताना माणसं वाटू नका, गावं वाटा. एकाच गावात शिकलेला संध्याकाळी पारावर दुसऱ्याला सांगणारच. दुसरी चाचणी महिन्याभरानं, ऐन हंगामात घ्या.

पऱ्हाटी_घाटंजी:
फारच उपयोगी. चुकीच्या बाजूनं फवारलं की गेममधला माणूस लगेच कोसळतो, असं दाखवलंय. चालेल?

शेतीआरोग्य_वणी:
ते काढून टाका. कातडीतून गेलेल्या औषधाचा त्रास कित्येकदा काही तासांनी सुरू होतो. लगेच कोसळताना दाखवलं, तर "आपल्याला काही झालं नाही" म्हणत मजूर तेच ओले कपडे अंगावर ठेवील. त्याऐवजी टाकी संपल्यावर अंगाचं चित्र दाखवा, कुठं किती पडलं ते.

आणि गेम पिकाच्या तासात सुरू करू नका, डबा उघडण्यापासून करा. हातानं ढवळणं, तुंबलेलं नोझल तोंडानं फुंकणं हेही त्यात हवं. डब्यातलं औषध पाणी न घातलेलं, म्हणून हातावर तेच सगळ्यात जहाल पडतं.