अथणीकडं रात्री जमीन गुडगुडली. माळवदी घराच्या भिंतींवर स्लॅब टाकावा का?

जतच्या_शिवेवरचा

नमस्कार मंडळी. आमचं गाव अथणी तालुक्यात, जतच्या हद्दीला लागून. गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराच्या सुमाराला जमिनीतून गुडगुड आवाज आला, लांबून रिकामी ट्रॉली यावी तसा, आणि मांडणीवरची भांडी वाजली. झालं तेवढंच. आई झोपेतच म्हणाली, "खाणीत सुरुंग उडवला असंल." पण रात्री कोण सुरुंग लावतंय? शेजारचे आण्णा धोतर सावरत अंगणात येऊन उभे राहिले होते, म्हणजे भास नव्हता. दोन दिवसांनी परत एकदा झालं, पण बारीक. गावच्या ग्रुपवर कोण अलमट्टीला शिव्या घालतंय, कोण कोयनेला. एकानं तर लिहिलं की असे बारके धक्के बसलेले बरे, जोर निघून जातो.

मला हे विचारायचं कारण घर आहे. आज्जाच्या काळचं, दगड-मातीचं, दोन फुटी भिंती, वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत. गळतं म्हणून दर पावसाळ्याआधी वर नवी पांढरी माती टाकत आलोय, जुनी कुणी कधी काढली नाही. आता मागच्या दोन खोल्यांचं माळवद उतरवून त्याच भिंतींवर स्लॅब टाकायचा आणि वर एक खोली काढायची, असं ठरलंय. द्राक्षाचे पैसे आलेत, दिवाळीनंतर भावाचं लग्न आहे. गवंडी म्हणतो, "दोन फुटाची भिंत हाय, हत्ती चढवा."

आपल्याकडं कुठला हिमालय नाही की कच्छ नाही. एवढं मनावर घ्यावं का?

तंबाखूवाला_निपाणी

भांडी वाजली की भूकंप म्हणायचं असेल तर आमच्या घरात रोज होतो. काय घाबरताय ओ. दख्खनचा दगड आहे खाली, काळा पत्थर. विहिरीला पहार लागत नाही, ते हलतंय होय?

भूगोलमास्तर

तंबाखूवाले, तो काळा पत्थर किल्लारीलाही होता. भूकंपानंतर तिथं विवर घेतलं तेव्हा ३३८ मीटर खोलीपर्यंत बेसॉल्ट लागला, त्याखाली थोडा गाळाचा थर आणि मग ग्रॅनाइट. हालचाल झाली ती त्या खालच्या जुन्या खडकात. वरचं झाकण कितीही टणक असलं तरी खालची चीर काही सांधली जात नाही.

अथणीकर, तुमच्या प्रश्नाकडं येतो. मी बेळगावच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचो, आता निवृत्त आहे. भूकंप नकाशावर पोरांना हिमालयाची कड रंगवायला लावायची आणि दख्खन कोरं सोडायचं, अशीच रीत होती. पण भारताचा सगळा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडं सरकतोय आणि तिकडं आशियाला अडतोय. तो दाब नुसता हिमालयात राहत नाही, मागं सगळ्या खंडात पसरतो. आपल्या खालचे खडक शेकडो कोटी वर्षांचे, त्यात जुन्या भेगा आहेत, बऱ्याचशा लाव्ह्याखाली गाडलेल्या. त्यातली एखादी कधीतरी थोडी सरकते. इथं फरक एवढाच की दोन मोठ्या धक्क्यांमध्ये कित्येक पिढ्या जातात, म्हणून गावाच्या आठवणीत काही राहत नाही. किल्लारी १९९३ पर्यंत नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होतं. २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा झोन १ हा प्रकारच काढून टाकला आणि तो भाग मध्यम धोक्याच्या झोन ३ मध्ये आला. २००२ च्या त्या नकाशात बेळगाव आणि विजापूर ही दोन्ही शहरंही झोन ३ मध्येच आहेत.

आवाजाचं म्हणाल तर सुरुंगाची शंका रास्त आहे. दिवसा एकच दणका बसला असता तर मीही खाणच म्हटलं असतं. पण उथळ भूकंप, म्हणजे चार-पाच किलोमीटर खोलीवरचा, बारका असला तरी असाच गुडगुडतो, कारण त्याच्या लाटा जमिनीतून वर येऊन हवेत शिरतात. नक्की काय ते यंत्रच सांगेल. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं 'भूकंप' नावाचं ॲप आहे, त्यात तारीख-वेळ जुळवून बघा. आपल्या कर्नाटक राज्याचं आपत्ती निरीक्षण केंद्र बंगळूरला आहे, तहसीलदार कचेरीतून तिथं कळवता येतं. २०२१ च्या ऑक्टोबरात गुलबर्ग्याकडं, चिंचोळी तालुक्यात गडिकेश्वरला असेच गुडगुडीचे धक्के बसत होते, एक तर ४.१ चा होता. लोक गाव सोडून गेले होते. चुनखडीचा मुलूख, त्यात पावसाचं पाणी मुरून असं होतं, असं शास्त्रज्ञांनी सांगितलं.

धरणांना शिव्या घालताना जरा अंतर मोजा. कोयना ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे हलली, ६.३ चा धक्का होता, आणि त्याचा संबंध शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्याशी आहे हे जगभर मानलं जातं. पण तिथले धक्के आजही कोयना-वारणेच्या साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या पट्ट्यातच होतात. तुम्ही तिथून दीडशे किलोमीटरवर. अलमट्टीही काही तुमच्या उशाला नाही. पुरासाठी तिला काय बोलायचं ते बोला.

आणि "जोर निघून जातो" हे मात्र डोक्यातून काढा. ३ चा धक्का आणि ६ चा धक्का यांच्या ऊर्जेत सुमारे ३२ हजार पटीचा फरक असतो. बारक्या धक्क्यांनी मोठा टळायचा तर तुमची भांडी ३२ हजार वेळा वाजली पाहिजेत.

उमरगा_माहेर

मास्तरांनी किल्लारीचं नाव घेतलं म्हणून लिहिते. माझं माहेर उमरगा तालुक्यातलं, आता चिकोडीला असते. १९९२ च्या दिवाळीच्या आसपास आमच्याकडं असेच आवाज यायचे. मोठी माणसं अंगणात झोपायला लागली होती. मग थांबलं, पुन्हा सगळे आत झोपायला लागले. पुढच्या वर्षी अनंत चतुर्दशीला गणपती बोळवले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या आत सगळं झालं. मी तेव्हा चौथीत होते. आम्ही पत्र्याच्या खोलीत होतो म्हणून वाचलो. चुलत्यांचं घर मोठं, दगडी, माळवदी. गावात सगळ्यात पक्कं म्हणून सांगायचे.

भाऊ, तुम्हाला भीती घालायची नाही. पण "हत्ती चढवा" वाचून राहवलं नाही.

सिव्हिलवाली_टिळकवाडी

१९९२ चे आवाज किल्लारीत मोठ्या धक्क्याआधी आले, गडिकेश्वरला तसं काही झालं नाही, पालघरला २०१८ पासून कितीतरी धक्के बसले. आवाजावरून पुढचं कुणी सांगू शकत नाही. त्यामुळं मी तुमच्या घराचं बोलते.

दोन फुटी भिंत म्हणजे दोन फूट दगड नव्हे. बाहेरून एक ओळ, आतून एक ओळ, मध्ये मातीत टाकलेल्या कपच्या. दोन्ही ओळींना एकत्र धरणारे आरपार लांब दगड घातले असतील तर ती भिंत, नाहीतर शेजारी उभ्या केलेल्या दोन पातळ भिंती. हादरा बसला की आधी पोट सुटतं, मग बाहेरची ओळ बाहेर, आतली आत. आणि वरून माळवद. दहा बाय पंधराच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे सहा-सात टन. तुमच्याकडं तीन पिढ्यांची आहे, मोजून बघा. किल्लारीत आठ-दहा हजार माणसं गेली ती धक्क्यापेक्षा ह्या वजनाखाली जास्त. ६ च्या जवळपासचा धक्का चांगल्या बांधलेल्या घरात एवढी माणसं मारत नाही.

त्या भिंतींवर स्लॅब टाकू नका. मातीत बसवलेल्या दगडांवर स्लॅब नुसता ठेवलेला असतो, कशालाही बांधलेला नसतो. वर खोली चढवलीत तर आणखी वजन, तेही उंचावर. लग्नासाठी खोली हवीच असेल तर मागच्या परड्यात पायापासून वेगळी बांधा. कॉलम, प्लिंथला म्हणजे जोत्याला काँक्रीटचा पट्टा, दारं-खिडक्यांच्या वर सगळीकडून फिरणारा लिंटेलचा पट्टा. जुन्या भिंतीला चिकटवू नका, दोन-तीन इंच फट सोडा.

जुन्या घरालाही करण्यासारखं आहे. माती अर्ध्याहून कमी करा, हे पहिलं आणि सगळ्यात स्वस्त. मग भिंतीत ठरावीक अंतरावर एकेक दगड हळूच काढून आरपार भोक करा, त्यात सळई घालून काँक्रीट भरा. खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरके टेकू ठोका, सुताराला एका दिवसाचं काम. किल्लारीनंतर मराठवाड्यात जुनी घरं अशीच मजबूत केली. गवंड्याला म्हणावं, हत्ती नंतर, आधी एक आरपार दगड दाखव.

तंबाखूवाला_निपाणी

बाई, आमचं कौलारू आहे, पण पाटणीवर माती आहे अर्धा फूट. तीपण काढायची?

सिव्हिलवाली_टिळकवाडी

काढा. तुमच्याकडं रोजच भूकंप होतो म्हणालात ना.

जतच्या_शिवेवरचा

सगळ्यांचे आभार. ॲपवर बघितलं, पहिल्या रात्रीची नोंद सापडली, विजापूर जिल्ह्याच्या बाजूला, ३ च्या आत. दुसरीची नाही. आज गवंड्याला घेऊन मागच्या भिंतीचा एक दगड काढून बघितला. आत हात घातला तर कोपरापर्यंत नुसती माती आणि कपच्या. गवंडी गप्प. परड्यातल्या खोलीचा हिशेब त्यानंच काढून दिला, स्लॅबपेक्षा फार जास्त नाही, पाया धरून.

आता आईचा प्रश्न आहे, तोच विचारतो. माळवदाची माती कमी केली तर उन्हाळ्यात घर तापणार. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं चाळीसच्या वर जातं, पत्र्याखाली माणूस बसू शकत नाही. तिला त्या खोलीतून हलायचं नाही. काय करावं?

सिव्हिलवाली_टिळकवाडी

सगळी काढू नका, चार-पाच इंच ठेवा. गळू नये म्हणून मातीखाली जाड प्लास्टिकचा कागद घाला, मग दरवर्षी नवी माती टाकावी लागणार नाही. वरून चुन्याची पांढरी सफेदी, दर उन्हाळ्याआधी. आणि आईंचा पलंग भिंतीच्या कडेला असेल तर तुळईच्या खांबाजवळ घ्या, डोक्यावरच्या फळीवरचे डबे खाली ठेवा. हे आजच होईल.